रहस्यपट एकच सुचवायचा असेल तर : १९६९ चा ‘इत्तेफाक’

तिसरी घंटा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी माझी भाची घरी आली होती. जुने हिंदी चित्रपट संथ असतात, दर दहा मिनिटांनी त्यात गाणे येते आणि खुनी कोण हे मध्यंतराआधीच कळते, अशी तिची ठाम समजूत आहे. ती खोडून काढणारा एकच चित्रपट सांग, दोन सांगितलास तर एकही पाहणार नाही, असे तिने मला बजावले. मी क्षणभरही न थांबता १९६९ चा ‘इत्तेफाक’ सांगितला. ती गेल्यावर मात्र हेच नाव तोंडी का आले, याचा विचार करत बसलो आणि त्यातून हा धागा निघाला.

प्रथम एक विनंती. येथे लिहिताना कोणीही रहस्यभेद करू नये. चित्रपट जुना आहे हे खरे, पण ज्याने तो पाहिलेला नाही त्याच्यासाठी तो आजही नवाच आहे.

कथा सांगायची तर फक्त सुरुवातीची सांगतो. दिलीप रॉय (राजेश खन्ना) हा चित्रकार आहे. श्रीमंत पत्नीशी त्याचे कडाक्याचे भांडण होते, रागाच्या भरात तो तिला जिवे मारण्याची धमकी देतो आणि घराबाहेर पडतो. परततो तेव्हा ती मरून पडलेली असते. खटला उभा राहतो, न्यायालयात त्याचा तोल जातो आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. तेथून एका वादळी रात्री तो पळतो आणि आसरा शोधत रेखा (नंदा) हिच्या बंगल्यात शिरतो. रेखाचा नवरा घरी नाही. बाहेर मुसळधार पाऊस आहे आणि पोलीस दिलीपच्या मागावर आहेत. यापुढे काय होते, ते कोणाकडूनही ऐकू नये.

आता मुद्दा. आपल्याकडच्या बहुतेक रहस्यपटांत रहस्य हे एखाद्या वस्तूसारखे असते. दिग्दर्शक ते कपाटात लपवतो, अडीच तास आपल्याला घरभर हिंडवतो आणि शेवटी कपाट उघडून दाखवतो. ‘इत्तेफाक’मध्ये ते त्या घराच्या हवेतच आहे. खोल्या, जिना, दारे आणि टेलिफोन एवढ्याच सामग्रीवर दोन माणसे एकमेकांना जोखत राहतात, आणि प्रेक्षक ज्याच्या बाजूने उभा राहतो त्याच्याविषयीच त्याला पुढच्या दृश्यात शंका येऊ लागते. घाबरायचे कोणाला आणि घाबरायचे कोणासाठी, हे ठरत नाही. माझ्या मते या चित्रपटाचे खरे बळ या न ठरण्यात आहे. खून कोणी केला, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. चित्रपटात एकही गाणे नाही. पार्श्वसंगीत सलिल चौधरींचे आहे आणि गाणी नसल्यामुळे ते फार काळजीपूर्वक वापरलेले जाणवते. कित्येक प्रसंगांत संगीत बाजूला होते आणि उरतो तो पावसाचा आवाज, पावलांचा आवाज, मध्येच खणाणणारा फोन. ध्वनिमुद्रणासाठीचे त्या वर्षीचे फिल्मफेअर पारितोषिक याच चित्रपटाला मिळाले, आणि दिग्दर्शनाचे पारितोषिक यश चोप्रांना. चित्रपट पावणेदोन तासांच्या आत संपतो, हेही भाचीच्या पिढीला सांगण्यासारखे.

*(संपादन : कलावंतांच्या निवडीविषयीची दोन वाक्ये येथून काढून टाकली आहेत. कारण खालच्या प्रतिसादांत सापडेल.)*

हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना पहिल्यापेक्षा चांगला वाटतो, हे माझे म्हणणे वादग्रस्त ठरेल याची मला कल्पना आहे.

शेवटची रांग

निवड आवडली. मी हा चित्रपट कॉलेजात असताना, वर्ग चुकवून मॅटिनीला पाहिला होता. बाहेर पडलो तेव्हा चित्रपटातला पाऊस डोक्यात इतका भिनला होता की लख्ख ऊन पाहून दचकायला झाले.

चित्रपटाच्या जन्माविषयी थोडी भर घालतो, कारण धागाकर्त्याने ज्या गुणांचे कौतुक केले आहे त्यांचे मूळ तेथे आहे. चोप्रा बंधूंच्या ‘आदमी और इन्सान’चे काम नायिका सायरा बानू यांच्या आजारपणामुळे अडले होते. माणसे मोकळी होती, म्हणून मधल्या काळात आटोपशीर असे काही करावे, या विचारातून हा चित्रपट उभा राहिला आणि जेमतेम महिनाभरात त्याचे चित्रीकरण उरकले. आधार घेतला तो ‘धुम्मस’ या सरिता जोशींच्या गुजराती नाटकाचा. ते नाटकही मुळात मॉन्टी डॉयलच्या ‘साइनपोस्ट टू मर्डर’ या इंग्रजी नाटकावरून आलेले. त्या इंग्रजी नाटकावर १९६४ मध्ये हॉलिवूडनेही चित्रपट काढला होता.

यश चोप्रांनी याआधी ‘वक्त’ केला होता. त्यात तीन भावांची ताटातूट, मोठमोठे बंगले, मोटारींची शर्यत आणि पडदाभर नट होते. त्याच माणसाने चार वर्षांनी एका घरात, एका रात्रीत आणि मोजक्या पात्रांत स्वतःला कोंडून घेतले. हे कोंडून घेणे परिस्थितीने लादलेले होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यामुळेच चित्रपट वाचला. सवडीने आणि भरपूर पैशांत केला असता तर त्यात निदान चार गाणी आणि एक विनोदी नोकर नक्की आला असता.

एक गंमत : ‘आराधना’सुद्धा १९६९ चाच. राजेश खन्ना आणि सुजित कुमार दोन्हींत आहेत. एका चित्रपटात जीपमधून गाणे म्हणत आगगाडीच्या बाजूने जाणारी ही जोडी दुसऱ्यात पाहिली की अभिनेत्याचा किती भाग दिग्दर्शकाच्या हातात असतो, ते कळते.

पारावरचा

चित्रपट चांगला आहे, याविषयी दुमत नाही. परंतु गाणे नाही म्हणून रहस्य टिकले, हा जो सूर येथे लागतो आहे, त्याला माझी हरकत आहे.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) घ्या. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा मराठी चित्रपट. त्यात काशिनाथ घाणेकर आणि भावना आहेत. पत्नी वारल्याचे दुःख उरात असलेल्या माणसासमोर, पोलिसांनी पकडलेली एक स्त्री, ‘मीच तुमची बायको’ असे सांगत उभी राहते. चेहरा तोच, आठवणीही त्याच. आता या चित्रपटातून ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ काढून पाहा. माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशाबाईंचा आवाज. गेलेल्या माणसाची नजर आपल्या भोवती फिरत राहणार, असे वचन देणारे ते गाणे आहे. तेथे गाणे सुरू झाले म्हणून प्रेक्षक चहा प्यायला उठत नाही, उलट खुर्चीला अधिक चिकटतो, कारण कथेतला संशय त्या सुरांवर स्वार होऊन येतो. पुढे राज खोसला यांनी याच कथेवर ‘मेरा साया’ (१९६६) काढला, तेव्हा गाण्याची ही जागा त्यांनी जशीच्या तशी ठेवली. मदनमोहन यांची ती चाल आज चित्रपटापेक्षाही जास्त लोकांना ठाऊक आहे.

तेव्हा गाणे असणे हा दोष नव्हे. अस्थानी असणे हा दोष आहे. भाचीला सांगायचेच असेल तर मी ‘पाठलाग’ सांगेन. शिवाय तो आपल्या भाषेतला आहे, आणि त्या वर्षी मराठीसाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदकही त्याला मिळाले होते.

तिसरी घंटा (धागाकर्ता)

पारावरचा, तुमचा मुद्दा मान्य करतो आणि शब्द मागे घेतो. ‘पाठलाग’मधले गाणे हा कथेचाच एक साक्षीदार आहे. तरीही निवड बदलत नाही, आणि त्याचे कारण वेगळे आहे. ‘पाठलाग’चे रहस्य भूतकाळात आहे : काय घडले होते, हे आपल्याला शोधायचे असते आणि त्यासाठी पात्रांच्या जबान्यांवर विसंबावे लागते. ‘इत्तेफाक’मध्ये गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर, त्याच रात्री घडत जाते. संथपणाची तक्रार असणाऱ्या प्रेक्षकाला पहिल्यांदा काय द्यावे, एवढाच माझा प्रश्न होता. ‘पाठलाग’ दुसरा.

अर्धे दार

धागाकर्ते, रहस्यभेद करू नका असे आपणच लिहिले आणि पाचव्या परिच्छेदानंतर कलावंतांच्या निवडीविषयी जी दोन वाक्ये लिहिली, तीच अर्धा रहस्यभेद करतात. अमक्या नटाची प्रतिमा अशी होती आणि दिग्दर्शकाने तिचा असा उपयोग केला, एवढे वाचल्यावर हुशार वाचक शेवटापर्यंत पोचतो. कृपया ती काढावीत. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना ती सांगण्याची गरज नाही आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ती सांगणे हा अन्याय आहे.

तिसरी घंटा (धागाकर्ता)

चूक कबूल. काढली आहेत. लिहिण्याच्या ओघात लक्षात आले नाही. दुसऱ्यांदा पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा पाहणाऱ्याचे अज्ञान आठवत नाही, हेच खरे.

दूरदेशी

आमच्याकडे न्यू जर्सीत काही मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा एकत्र बसून चित्रपट पाहतात. हिंदी कळणारी मोठी माणसे आणि इंग्रजीतच विचार करणारी मुले यांना एकत्र बसवायचे तर रहस्यपटाइतका उपयोगी प्रकार नाही, म्हणून या विषयावर आमच्यात पुष्कळ वाद झालेले आहेत.

रहस्यपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतींत एक उदाहरण आहे, ते बहुतेकांनी ऐकलेले असेल. दोन माणसे टेबलाशी बसून गप्पा मारत आहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. येथे प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने आधी पाहिलेला असेल, तो कधी फुटणार हेही त्याला ठाऊक असेल, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. हिचकॉकचे मत असे की शक्य असेल तेव्हा प्रेक्षकाला माहिती द्यावी.

या कसोटीवर ‘इत्तेफाक’ मला अडचणीचा वाटतो. त्यात शेवटचा धक्का राखून ठेवलेला आहे, म्हणजे टेबलाखालचा बॉम्ब आपल्यापासून लपवलेला आहे. याउलट ‘वेट अंटिल डार्क’ (१९६७) पाहा. फ्रेडरिक नॉटच्या नाटकावरचा, टेरेन्स यंग यांनी दिग्दर्शित केलेला. तोही असाच एका घरात घडतो. ऑड्री हेपबर्नने केलेली नायिका अंध आहे. घरात कोण शिरले आहे आणि कोणत्या हेतूने, ते आपल्याला दिसते आणि तिला दिसत नाही. रहस्य असे काही नाहीच, तरी श्वास अडकतो. शेवटच्या भागात ती घरातले दिवे फोडते, कारण अंधारात ती आणि शत्रू एका पातळीवर येतात. तो भाग सुरू असताना अमेरिकेतल्या चित्रपटगृहांनी आतले दिवे कायद्याने जितके मंद करता येतील तितके केले होते. आमच्या बैठकीत आम्हीही तसेच केले. एका आजोबांचा चष्मा त्या गडबडीत तुटला, पण चित्रपट थांबवू नका असे तेच म्हणाले.

शेवटची रांग

दूरदेशी, उदाहरण उत्तम आहे, पण ते ‘इत्तेफाक’ला अर्धेच लागू पडते. शेवटचा धक्का आहे हे खरे, पण मधला सारा वेळ त्या धक्क्यावर जगत नाही. घरात एक माणूस आहे, दाराशी पोलीस आलेले आहेत, आणि घरातली बाई दार उघडून काय सांगणार हे आपल्याला ठाऊक नाही : हा तुमच्या हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्बच झाला. असे लहान लहान बॉम्ब दर काही मिनिटांनी ठेवलेले आहेत. शेवटचा मोठा बॉम्ब वगळून चित्रपट पाहिला तरी पैसे वसूल होतात. धागाकर्ता दुसऱ्यांदा पाहण्याची शिफारस करतो, ती याच अर्थाने असावी.

दूरदेशी

हे पटले. किंबहुना दुसऱ्यांदा पाहताना शेवटचा बॉम्बही टेबलाखाली दिसू लागतो, म्हणजे तोच चित्रपट एकदा लपवाछपवीचा आणि एकदा हिचकॉकच्या पद्धतीचा होतो, असे म्हणता येईल. या महिन्यात तो लावून पाहतो.

साक्षीपुरावा

गाणी नसलेल्या चित्रपटाची चर्चा चालली आहे आणि ‘कानून’चे (१९६०) नाव कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटले. यश चोप्रांच्या थोरल्या भावाने, बी. आर. चोप्रांनी, नऊ वर्षे आधी हा प्रयोग करून दाखवला होता. अशोक कुमार, राजेंद्र कुमार आणि नंदाच. म्हणजे हिंदीतल्या या दोन्ही प्रसिद्ध बिनगाण्याच्या रहस्यपटांत नंदा आहे. नाना पळशीकरांची भूमिका छोटी असली तरी सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळाले, आणि ते पाहिल्यावर का मिळाले असे कोणी विचारणार नाही. न्यायाधीशावरच खुनाचा संशय आणि त्याचा साक्षीदार त्याचा होणारा जावई, ही मांडणी आजही ताजी आहे. फाशीची शिक्षा असावी का, हा वादही चित्रपट अंगावर घेतो.

शेवट मात्र मला अजिबात पटत नाही. का, ते लिहिले तर अर्धे दार माझ्यावर तुटून पडतील.

अर्धे दार

पडेन.

खडूस प्रेक्षक

सर्वांनी इतके कौतुक केले आहे तर दुसरी बाजूही मांडतो. ‘इत्तेफाक’ची सुरुवात मला सहन होत नाही. न्यायालयातला आणि मनोरुग्णालयातला राजेश खन्ना आक्रस्ताळा आहे, डोळे फिरवतो, ओरडतो, आणि मनोरुग्ण म्हणजे असाच, ही त्या काळच्या पडद्याची ढोबळ समजूत गिरवतो. मनोरुग्णालयाचे चित्रण तर आज पाहताना अस्वस्थ करते, आणि ते अस्वस्थ करणे दिग्दर्शकाला अपेक्षित असलेले नव्हे. भाची पहिल्या पंधरा मिनिटांत उठून गेली तर मी तिला दोष देणार नाही.

आणि नावच ‘इत्तेफाक’, म्हणजे योगायोग. नावात योगायोग ठेवला म्हणून कथेतला योगायोग माफ होतो का? इतक्या घरांतून तो नेमका त्याच घरात शिरतो, यावर सारा डोलारा उभा आहे.

तिसरी घंटा (धागाकर्ता)

सुरुवातीविषयी पूर्ण सहमत. मी स्वतः तो भाग दरवेळी थोडा दात-ओठ खाऊनच पाहतो. डॉक्टरच्या भूमिकेतले गजानन जागीरदार मात्र त्या गोंगाटात शांत उभे आहेत. ‘रामशास्त्री’ चित्रपटातली त्यांची शीर्षक भूमिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या शांतपणाची ओळख पटेल. बंगल्यात शिरल्यानंतरचा राजेश खन्ना वेगळा आहे. दमलेला, भिजलेला, आवाज खाली आलेला. ‘आराधना’नंतर त्याने मान तिरकी करण्याची जी लकब पुढे वर्षानुवर्षे चालवली, तिचा मागमूस त्या भागात फारसा नाही. खडूस प्रेक्षकांनी चित्रपट त्या दारापासून सुरू करून पाहावा.

योगायोगाविषयी माझे म्हणणे असे. कथा ज्या योगायोगाने सुरू होते तो प्रेक्षक सहज पचवतो. कथा ज्या योगायोगाने सुटते तो त्याच्या घशात अडकतो. ‘इत्तेफाक’चा योगायोग सुरुवातीचा आहे. एक माणूस नको त्या रात्री नको त्या घरात शिरला, यापुढचे सारे त्या दोघांच्या स्वभावातून आणि भीतीतून येते. साक्षीपुरावा यांना ‘कानून’चा शेवट का पटत नाही, याचे उत्तरही बहुधा येथेच आहे. अधिक लिहीत नाही.

नंदाविषयी, रहस्याला धक्का न लावता, एक वाक्य लिहितो. अभिनेते-दिग्दर्शक मास्टर विनायकांची ही मुलगी. वडील १९४७ मध्ये गेले आणि लहान वयातच तिला कॅमेऱ्यापुढे उभे राहावे लागले. ‘छोटी बहन’नंतर गुणी बहिणीच्या भूमिकांची जी रांग तिच्या दाराशी लागली, त्या रांगेतून तिला बाहेर काढणारी भूमिका तिला तिशीत, या चित्रपटात मिळाली.

नवी पालवी

मी २०१७ चा ‘इत्तेफाक’ पाहिला आहे, सिद्धार्थ मल्होत्रा, सोनाक्षी सिन्हा आणि अक्षय खन्ना यांचा. आता जुना पाहिला तर मजा जाईल का?

शेवटची रांग

जाणार नाही. बी. आर. चोप्रांचे नातू अभय चोप्रा यांनी तो दिग्दर्शित केला आहे, पण मांडणी बरीच बदलली आहे. त्यात पोलीस अधिकारी दोघांच्या दोन परस्परविरोधी हकिकती ऐकतो आणि आपणही त्याच्याबरोबर त्या तपासतो. जुन्यात तुम्ही तपास करत नाही, त्या रात्री त्या घरात अडकता. अक्षय खन्नाने काम छान केले आहे, तेवढे सोडले तर तुलना करत बसू नये. जुन्यातला इन्स्पेक्टर कर्वे, म्हणजे इफ्तिखार, हा मात्र पाहून घ्याच. पडद्यावर पोलिसाचा गणवेश इतक्या वेळा घातलेला नट दुसरा क्वचितच असेल, पण येथे तो केवळ शेवटी पिस्तूल घेऊन येण्यासाठी ठेवलेला नाही.

पारावरचा

पाहणाऱ्यांसाठी एक व्यवहारी सूचना. चित्रपट रात्रीच पाहावा, आवाज मोठा ठेवावा आणि आंतरजालावर त्याविषयी आधी काहीही वाचू नये. कथासार म्हणून जे लिहिलेले असते त्यात सर्रास शेवट सांगून टाकलेला असतो. पावसाळ्यात पाहिला तर उत्तम, पण खिडक्या लावून घ्याव्यात. आमच्याकडे मागे एकदा दाराची कडी वाऱ्याने वाजली आणि आमच्या सौभाग्यवतींनी पुढचे दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

तिसरी घंटा (धागाकर्ता)

भाचीने काल रात्री चित्रपट पाहिला. मी शेजारी बसलो होतो, पण ठरवून एक शब्दही बोललो नाही. न्यायालयाचा भाग सुरू असताना ती मोबाईलमध्येच होती, खडूस प्रेक्षकांचा अंदाज जवळपास खरा ठरला. बंगल्यात पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा तिने मोबाईल उलटा करून ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. मध्येच तिने दोनदा अंदाज सांगितले. दोन्ही चुकले. संपल्यावर ती काही बोलली नाही, रिमोट घेऊन चित्रपट मागे नेला, एका दृश्याशी थांबवला आणि म्हणाली, “मामा, हे तर त्यांनी इथेच दाखवलं होतं!”

दृश्य कोणते, ते लिहीत नाही. पुढच्या रविवारी ‘पाठलाग’ लावायचा ठरला आहे. पारावरचा यांना कळावे.